अमेरिकन कॅम्पसवरचे तंबू, पॅलेस्टाईन आणि 'संवाद': नेमकं काय झालं, सोप्या भाषेत

१७ एप्रिल २०२४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ जिथं शिकले तिथंच, विद्यार्थ्यांनी मधल्या हिरवळीवर तंबू ठोकले. दुसऱ्या दिवशी प्रेसिडेंट मिनूश शफीक यांनी पोलीस बोलावले, शंभरावर मुलं अटक झाली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत शेजारच्या हिरवळीवर नवे तंबू उभे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हे लोण अमेरिकेतल्या शंभरहून जास्त कॅम्पसवर पोचलं आणि वसंत संपेपर्यंत देशभरात तीन हजारांच्या वर लोकांना अटक झाली होती. आपल्याकडे हे सगळं आलं ते तीस-तीस सेकंदांच्या व्हिडिओंमधून. एकात पोलीस एका प्रोफेसरबाईंना जमिनीवर पाडतायत, दुसऱ्यात कोणीतरी ज्यू विद्यार्थ्याची वाट अडवतंय, आणि खाली कमेंटमध्ये आपली माणसं लगेच दोन गटांत. ज्यांची पोरं तिकडे एमएस करतायत ते आईबाबा वेगळेच, त्यांना फक्त एवढंच कळायला हवं असतं की आपल्या मुलीने तिथून चालत जायचं की नाही.

म्हणून जरा नीट बसून समजून घेऊ. कारण या वादात 'आंदोलन' आणि 'संवाद' असे दोन शब्द सारखे एकमेकांसमोर उभे केले जातात, जणू एक वाईट मुलांचं काम आणि दुसरं चांगल्या मुलांचं, आणि मला हे पूर्ण चुकीचं वाटतं. या दोघांचं काम वेगळं आहे आणि एकाच्या जागी दुसरं बसवायला गेलं की दोन्ही बिघडतात, हे कॅम्पसवर घडलेल्या गोष्टींतूनच दिसतं.

मागचं थोडक्यात. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने गाझातून इस्रायलवर हल्ला केला, साधारण १,२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर इस्रायलने गाझावर युद्ध सुरू केलं आणि कॅम्पसवर तंबू ठोकले गेले तेव्हा गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यानुसार मृतांची संख्या ३३ हजारांच्या पुढे गेली होती, त्यात लहान मुलं प्रचंड. अमेरिका इस्रायलला शस्त्रं देते, तिथल्या विद्यार्थ्यांच्या फियांवर आणि देणग्यांवर युनिव्हर्सिट्या चालतात, त्यामुळे मुलांचं म्हणणं होतं की हे लांबचं युद्ध नाही, यात आमचा पैसा आहे.

मागणी काय होती

तंबूवाल्यांची मुख्य मागणी 'डायव्हेस्ट' ही होती. म्हणजे काय तर अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांकडे एंडोमेंट नावाची एक भलीमोठी गंगाजळी असते. आपल्याकडच्या एखाद्या श्रीमंत देवस्थानाच्या ट्रस्टसारखं समजा, मूळ ठेवीला हात लावायचा नाही आणि तिच्या उत्पन्नावर खर्च भागवायचा, फक्त रक्कम कैक पटींनी मोठी. कोलंबियाची साडेतेरा अब्ज डॉलरच्या आसपास, हार्वर्डची पन्नास अब्जांच्या आसपास. हा पैसा शेअर, फंड, जमिनी असा कुठे कुठे गुंतवलेला असतो. विद्यार्थ्यांची मागणी अशी की शस्त्रं बनवणाऱ्या आणि वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागावरच्या इस्रायलच्या ताब्यातून नफा कमावणाऱ्या कंपन्यांमधून आपला पैसा काढून घ्या, आणि आधी मुळात तो कुठेकुठे आहे ते तरी उघड करा. २००५ मध्ये पॅलेस्टिनी संघटनांनी बीडीएस नावाने, म्हणजे बहिष्कार, गुंतवणूक काढणं आणि निर्बंध, अशी हाक दिली होती, तिचाच हा कॅम्पसवरचा भाग.

कोलंबियात ही मागणी एकदा मान्य झालेली आहे हे फार लोकांना माहीत नसतं. १९८५च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल या इमारतीच्या पायऱ्या तीन आठवडे अडवून धरल्या होत्या, मागणी होती दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीशी धंदा करणाऱ्या कंपन्यांतून पैसा काढा, आणि त्याच वर्षी विश्वस्तांनी तसा निर्णय घेतला. त्याच हॅमिल्टन हॉलवर १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या आणि शेजारच्या पार्कात व्यायामशाळा बांधायच्या विरोधात कब्जा झाला होता, ३० एप्रिल १९६८ला पोलिसांनी सातशेच्या आसपास लोक पकडले. आणि २०२४ मध्ये बरोबर ३० एप्रिललाच, मध्यरात्री, मुलांनी पुन्हा हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला, काचा फोडल्या, टेबलं-खुर्च्या दाराला लावल्या आणि वरून बॅनर सोडला 'हिंद्स हॉल'. हिंद रजब ही गाझातली लहान मुलगी, जानेवारीत नातेवाईकांच्या मृतदेहांबरोबर गाडीत अडकून रेड क्रिसेंटच्या लोकांशी फोनवर बोलत होती, मदत पोचायच्या आधी ती गेली. त्याच दिवशी रात्री पोलीस गाडीवरच्या शिडीवरून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरले आणि प्रकरण संपवलं. इमारतीवर कब्जा आणि तोडफोड हे हिरवळीवर बसण्यापेक्षा वेगळं आहे, ते मला पटत नाही, पण तिथपर्यंत गोष्ट कशी गेली ते समजून घ्यायचं तर मधल्या दोन आठवड्यांत बोलणी चालू होती आणि ती फिसकटली हे लक्षात ठेवायला हवं. युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की आम्ही इस्रायलमधून गुंतवणूक काढणार नाही, मुलं म्हणाली मग आम्ही उठणार नाही, संपलं.

आणि हो, दक्षिण आफ्रिकेची तुलना सगळ्यांना मान्य नाही. विरोधकांचं म्हणणं असं की तिथं निदान कॅम्पसवर तरी वर्णभेदाच्या बाजूने कोणी उभं नव्हतं, इथं मात्र इस्रायल हा अनेक ज्यू विद्यार्थ्यांच्या घरचा, आजी-आजोबांचा, श्रद्धेचा भाग आहे आणि त्या एका देशालाच वेगळं काढलं की ते त्यांना स्वतःवर आलेलं वाटतं. शिवाय तीसहून जास्त राज्यांत बीडीएसच्या विरोधात काही ना काही कायदे आहेत. त्यात आजकाल पैसा थेट कंपन्यांत कमी आणि बाहेरच्या मॅनेजरांच्या फंडांत जास्त असतो, त्यामुळे विश्वस्त म्हणतात आम्हाला एकेक कंपनी वेगळी काढता येत नाही. यातलं शेवटचं कारण खरंही असतं आणि सोयीचंही.

कोण कुठे उभं होतं

बाहेरून बघताना हे ज्यू विरुद्ध मुस्लिम असं वाटतं. तसं अजिबात नव्हतं. पॅलेस्टाईनच्या बाजूने स्टुडंट्स फॉर जस्टिस इन पॅलेस्टाईन ही संघटना, जी १९९३ मध्ये बर्कलीत सुरू झाली, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून ज्यूइश व्हॉईस फॉर पीस, ही ज्यूंचीच पण पॅलेस्टाईनच्या बाजूची संघटना. कोलंबियाने १० नोव्हेंबर २०२३ला या दोन्ही शाखा एकदमच निलंबित केल्या, कारण परवानगीशिवाय कार्यक्रम घेतले. २२ एप्रिल २०२४च्या संध्याकाळी ज्यूंचा पासओव्हर सण सुरू झाला तेव्हा कोलंबियाच्या त्या तंबूंमध्ये ज्यू विद्यार्थ्यांनीच सेडरचं जेवण मांडलं. आणि त्याच्या आदल्याच दिवशी कॅम्पसशी जोडलेल्या एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, ज्यू विद्यार्थ्यांना मेसेज पाठवला होता की इथं सुरक्षित नाही, घरी जा. एका कॅम्पसवर, एका दिवसाच्या अंतराने. दोन्ही खरं होतं. शिवाय हिलेल आहे, जे १९२३पासूनचं ज्यू विद्यार्थ्यांचं घर, जे-स्ट्रीट यू आहे, जे इस्रायलच्या बाजूचं पण ताबा संपवा म्हणणारं, आणि सगळ्यांत मोठा गट अशा मुलांचा ज्यांना काय बोलावं तेच कळत नव्हतं म्हणून ती गप्प बसली.

भीती दोन्हीकडे होती आणि ती हवेतली नव्हती. कोलंबियाच्या आंदोलनातल्या एका विद्यार्थी नेत्याचा झायोनिस्टांना, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र असावं असं मानणाऱ्यांना, जगण्याचा हक्क नाही अशा अर्थाचं बोलतानाचा व्हिडिओ बाहेर आला, युनिव्हर्सिटीने त्याला कॅम्पसबंदी केली. आपल्याकडे ही भीती पटकन कळत नाही, कारण महाराष्ट्रात ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्रायली, रायगडातले शनिवार तेली, ज्यांना इथं कोणी त्रास दिल्याचा इतिहास नाही, पण युरोपातून आलेल्या घरात वाढलेल्या मुलीला तसलं वाक्य ऐकू आलं की तिच्या आजीने नाझींच्या काळात सोसलेलं सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. दुसऱ्या बाजूला २५ नोव्हेंबर २०२३ला व्हरमाँटच्या बर्लिंग्टनमध्ये सुट्टीसाठी आलेल्या तीन पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांवर रस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या, दोघांच्या गळ्यात काफिया, म्हणजे पॅलेस्टिनी चौकड्यांचा रुमाल, होता, एकजण छातीखाली लुळा पडला. हार्वर्ड आणि कोलंबियाच्या बाहेर विद्यार्थ्यांची नावं आणि फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवत ट्रक फिरवले गेले. आणि ३० एप्रिलच्या रात्री लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये तंबूंवर विरोधी जमावाने काठ्या, फटाके, तिखटाचे स्प्रे घेऊन कित्येक तास हल्ला केला आणि पोलीस तासन्‌तास आत आले नाहीत. दुसऱ्या रात्री मात्र आले, तंबूवाल्यांनाच उचलायला, दोनशेहून जास्त अटका. मार खाल्ला त्यांनीच तुरुंग बघितला.

घोषणांचं भांडण तर वेगळंच. 'नदीपासून समुद्रापर्यंत पॅलेस्टाईन मुक्त' ही घोषणा देणारी बरीचशी मुलं सांगतात की जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांच्या मधल्या सगळ्यांना समान हक्क मिळावेत एवढंच आम्हाला म्हणायचंय, आणि ऐकणारा ज्यू विद्यार्थी म्हणतो की त्या पट्ट्यात इस्रायल आख्खाच येतो, मग माझे सत्तर लाख लोक कुठे जाणार. 'इंतिफादा', म्हणजे उठाव, या शब्दाचंही तेच. १९८७ला सुरू झालेला पहिला उठाव मुख्यतः संप, बहिष्कार, दगडफेक असा होता, २०००चा दुसरा म्हणजे बसमध्ये आणि कॅफेत फुटणारे मानवी बॉम्ब. बोलणाऱ्याच्या डोक्यात पहिला असतो आणि ऐकणाऱ्याच्या घरातलं कोणीतरी दुसऱ्यात गेलेलं असतं. इथं एकमेकांना विचारल्याशिवाय काहीच कळू शकत नाही, आणि नेमकं तेच होत नव्हतं.

कायदा काय म्हणतो

हा भाग थोडा किचकट आहे पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेत सरकार तुमचं बोलणं दाबू शकत नाही, ही पहिल्या घटनादुरुस्तीची हमी. पण ती सरकारविरुद्ध आहे. म्हणजे यूसीएलएसारख्या सरकारी युनिव्हर्सिटीला ती थेट लागू, कोलंबिया-हार्वर्डसारख्या खासगीला नाही, तिथं त्यांचे स्वतःचे नियम. सरकारी ठिकाणीसुद्धा वेळ, जागा आणि पद्धत यांवर बंधन घालता येतं, म्हणजे बोला काहीही पण रात्री अकराला लायब्ररीत भोंगा घेऊन नाही. अट एवढीच की नियम सगळ्यांना सारखा हवा. याच्या उलट बाजूला १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आहे, ते केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागू आहे, आणि कोलंबियासकट जवळजवळ सगळ्याच घेतात. त्यानुसार वंश, रंग, मूळ देश यांवरून विद्यार्थ्याचा छळ होत असेल आणि संस्थेने डोळेझाक केली तर तिचा पैसा जाऊ शकतो. ज्यू, अरब, मुस्लिम अशी मुलं समान वंशपरंपरा या आधाराने त्यात येतात. म्हणजे प्रेसिडेंटच्या एका हाताला बोलू द्या असं बंधन आणि दुसऱ्या हाताला छळ होऊ देऊ नका असं बंधन, आणि कडवट घोषणा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो ही रेघ प्रसंग बघूनच मारावी लागते.

५ डिसेंबर २०२३ला संसदेच्या समितीसमोर हार्वर्डच्या क्लॉडिन गे, पेन म्हणजे पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या लिझ मॅगिल आणि एमआयटीच्या सॅली कॉर्नब्लुथ यांना खासदार एलिस स्टेफानिक यांनी विचारलं की ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांचा भंग ठरतं का, तेव्हा तिघींनी ते संदर्भावर अवलंबून आहे अशा वळणाची उत्तरं दिली. वकिली दृष्टीने बरोबर, माणूस म्हणून भयंकर कोरडं. मॅगिल चार दिवसांत गेल्या, गे २ जानेवारीला, त्यांच्यावर तोवर वाङ्मयचौर्याचेही आरोप झाले होते. शफीक यांच्या डोळ्यांसमोर हे सगळं होतं. तंबू ठोकले गेले त्याच १७ एप्रिलला त्या वॉशिंग्टनमध्ये त्याच समितीसमोर कडक राहण्याची हमी देत होत्या आणि दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांचा निर्णय हिरवळीकडे बघून झाला की वॉशिंग्टनकडे, हे मला विचाराल तर उत्तर स्पष्ट आहे. ऑगस्टमध्ये त्यांनीही राजीनामा दिला.

डार्टमथची गोष्ट

आता संवादाकडे येऊ, आणि इथं मला डार्टमथवर जरा थांबायचंय, कारण त्या एका छोट्या कॉलेजात दोन्ही टोकं बघायला मिळतात.

न्यू हॅम्पशायरमधल्या या कॉलेजात ज्यू अभ्यास विभागाच्या प्रमुख होत्या सुझॅना हेशेल आणि मध्यपूर्व अभ्यास विभागाचे प्रमुख तारेक अल-आरिस. इतर ठिकाणी हे दोन विभाग एकमेकांचं तोंड बघत नाहीत, इथं वर्षानुवर्षं मैत्री होती, एकत्र कोर्स शिकवले जात होते, इस्रायलशी जवळून जोडलेले बर्नार्ड अविशाई आणि इजिप्तचे माजी राजनैतिक अधिकारी इझेदिन फिशेर असे दोघं मिळून याच संघर्षावर एक वर्ग घेत होते. त्यामुळे ७ ऑक्टोबर झाला आणि बाकीच्या युनिव्हर्सिट्या निवेदनात कुठला शब्द घालायचा याचा कीस पाडत बसल्या, तेव्हा हे प्रोफेसर तीन-चार दिवसांत एका स्टेजवर बसले, सभागृह भरून वाहिलं, ऑनलाईन आणखी लोक. कोणी कोणाला हरवायला बसलेलं नव्हतं. जमीन कुणाची, निर्वासित कसे झाले, हमास कुठून आली, गाझाची कोंडी कशी झाली, असे प्रश्न मुलं विचारत होती आणि उत्तरं देणारे एकमेकांशी असहमत होत होते, पण घाबरल्याशिवाय. हे एका आठवड्यात उभं राहिलं कारण त्याच्यामागे कित्येक वर्षांची कामं होती. आग लागल्यावर विहीर खणायला घेतलेल्या कॉलेजांना ते जमलं नाही, जमणारही नव्हतं.

मग जानेवारी २०२४ मध्ये कॉलेजने याच धर्तीवर संवादाचा एक अधिकृत कार्यक्रम सुरू केला आणि प्रेसिडेंट शान बेलॉक यांचं देशभर कौतुक झालं. आणि १ मे २०२४च्या संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर मोजके तंबू लागले तर दोन-तीन तासांत हेल्मेटवाले पोलीस. नव्वदच्या आसपास अटका. त्यात ॲनलीस ऑर्लेक नावाच्या ६५ वर्षांच्या इतिहासाच्या प्रोफेसर, तीन दशकांहून जास्त तिथं शिकवत असलेल्या, एकेकाळी त्याच ज्यू अभ्यास विभागाच्या प्रमुख राहिलेल्या, विद्यार्थ्यांच्या आणि पोलिसांच्या मध्ये उभ्या राहिल्या म्हणून जमिनीवर आपटल्या गेल्या, हात मागे बांधले गेले. प्रोफेसरबाईंना जमिनीवर पाडतानाचा, सुरुवातीला सांगितलेला तो व्हिडिओ म्हणजे हाच. कॉलेजच्या पेपरच्या दोन विद्यार्थिनी पत्रकारही पकडल्या गेल्या, बातमी करत होत्या. २० मेला प्राध्यापकांनी १८३ विरुद्ध १६३ मतांनी बेलॉक यांच्या निषेधाचा ठराव केला, अडीचशे वर्षांहून जुन्या या संस्थेत ही साधी गोष्ट नव्हती.

ज्या कॅम्पसवर सगळ्यांत चांगला संवाद होता त्याच कॅम्पसवर दोन-तीन तासांत पोलीस आले. मला यातून दिसतं ते असं की हेशेल आणि अल-आरिस यांचं काम समजून घेण्याचं होतं आणि ते त्यांनी अप्रतिम केलं, पण तंबूंमधल्या मुलांचा प्रश्न समजण्याचा नव्हताच, तो पैशाचा होता, आणि त्याला उत्तर देणं प्रोफेसरांच्या हातात नव्हतं, विश्वस्तांच्या होतं. वरच्या खोलीतल्या लोकांनी 'बोला ना, आपल्याकडे संवादाचा कार्यक्रम आहे' असं म्हणत मूळ मागणीचं घोंगडं भिजत ठेवलं की मुलांना ते तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटतं, आणि मग पुढच्या वेळी कोणी मनापासून संवाद म्हटलं तरी त्यावर विश्वास बसत नाही.

पॅलेस्टिनी विद्यार्थी संवादाला का नाही म्हणतात यामागे आणखी एक जुनं कारण आहे. इस्रायली आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या १९९३च्या ओस्लो शांतता कराराच्या आसपास आणि नंतर दोन्हीकडच्या मुलांना एकत्र आणणारे शेकडो उपक्रम निघाले, मेन राज्यातला सीड्स ऑफ पीसचा उन्हाळी कॅम्प त्यातला प्रसिद्ध. मुलं तीन आठवडे एकत्र पोहायची, भांडायची, रडायची, मैत्री करायची. मग एक तेल अवीवला घरी जायचा आणि दुसरा चेकपोस्टवरून. तिकडे वेस्ट बँकवरच्या इस्रायली वसाहती वाढतच राहिल्या. तेव्हा पॅलेस्टिनी तरुण म्हणायला लागले की ताबा असताना बरोबरीचे असल्याचं नाटक करून गप्पा मारणं म्हणजे ताबा नॉर्मल करणं, आम्ही त्यात बसणार नाही. हा आक्षेप कॅम्पसवर फार जोरात आहे. मला तो अर्धा पटतो. नुसता बरं वाटणारा संवाद खरंच निरुपयोगी आहे. पण पॅरेंट्स सर्कल ही १९९५ पासूनची संघटना बघा, या संघर्षात मूल, भाऊ, आई गमावलेल्या शेकडो इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबांची. रामी एल्हानान यांची मुलगी १९९७ मध्ये जेरुसलेममधल्या आत्मघाती हल्ल्यात गेली, बस्साम अरामिन यांची दहा वर्षांची मुलगी २००७ मध्ये शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसाच्या रबरी गोळीने. दोघं एकत्र शाळा-कॉलेजांत बोलतात आणि ताबा संपलाच पाहिजे हेही तितकंच ठणकावून सांगतात. म्हणजे संवाद करणाऱ्याने राजकारण बाजूला ठेवलंच पाहिजे असं काही नाही.

ब्राऊनने काय केलं

मागणीला उत्तर द्यायचा एक साधा मार्ग होता आणि काही ठिकाणी तो वापरला गेला. ब्राऊन युनिव्हर्सिटीत, जिथं २०२३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वेगवेगळ्या ठिय्यांमध्ये साठेक विद्यार्थी अटक झाले होते, प्रेसिडेंट क्रिस्टिना पॅक्सन यांनी ३० एप्रिल २०२४ला मुलांशी लेखी समझोता केला. तुम्ही तंबू काढा, पाच विद्यार्थी मे महिन्यात विश्वस्तांसमोर म्हणणं मांडतील, ऑक्टोबरमध्ये दहा कंपन्यांमधून पैसा काढायचा की नाही यावर रीतसर मतदान होईल. मुलांनी त्याच संध्याकाळी हिरवळ साफ करून दिली. नॉर्थवेस्टर्न आणि रटगर्सनेही असेच समझोते केले. ब्राऊनच्या एका विश्वस्ताने मतदान होतंय याच रागाने राजीनामा दिला, आणि ऑक्टोबरमध्ये निकाल आला तो नकाराचा. मुलं हरली. पण कारणं लेखी मिळाली, दोन्ही बाजूंनी अर्ज-निवेदनं दिली, आणि तिथं कोणाला जमिनीवर पाडावं लागलं नाही. आयर्लंडमध्ये ट्रिनिटी कॉलेज डब्लिनने पाच-सहा दिवसांच्या तंबूंनंतर काही गुंतवणूक काढायची तयारी दाखवली, म्हणजे उत्तर 'हो'सुद्धा असू शकतं.

२०२५ मध्ये खेळच बदलला. ट्रम्प सरकारने ७ मार्चला कोलंबियाची चाळीस कोटी डॉलरची अनुदानं थांबवली, कारण सांगितलं ज्यू विद्यार्थ्यांचा छळ रोखला नाही. ८ मार्चच्या रात्री महमूद खलील या ग्रीनकार्ड असलेल्या पॅलेस्टिनी आंदोलकाला तो राहतो त्या इमारतीतून उचललं, हाच माणूस तंबूंच्या काळात विद्यार्थ्यांच्या वतीने युनिव्हर्सिटीशी बोलणी करत होता, तीन महिन्यांहून जास्त डिटेन्शनमध्ये राहिला, पहिलं बाळ जन्माला आलं तेव्हा तो लुइझियानात कोठडीत. २५ मार्चला टफ्ट्सच्या रुमेसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीला तोंड झाकलेल्या साध्या वेशातल्या लोकांनी रस्त्यातून नेलं, तिने केलं होतं काय तर आणखी तिघांबरोबर कॉलेजच्या पेपरात एक लेख लिहिला होता. कोलंबियातली एक भारतीय पीएचडी विद्यार्थिनी व्हिसा रद्द झाल्यावर अटकेआधीच कॅनडात निघून गेली. जुलैत कोलंबियाने सरकारशी वीस कोटी डॉलर भरायचा करार केला. ज्यू विद्यार्थ्यांचं दुखणं खरं होतं, पण संशोधनाचा निधी तोडून आणि लेख लिहिणाऱ्या मुलीला कोठडीत टाकून त्यातलं काय बरं झालं, हे मला कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आणि मोहसेन महदावी. वेस्ट बँकच्या निर्वासित छावणीत जन्मलेला, कोलंबियात तत्त्वज्ञान शिकणारा. २०२३च्या शेवटी टीव्हीवर त्याने उघड सांगितलं की ज्यूद्वेष अन्याय आहे आणि पॅलेस्टाईनच्या मुक्तीचा लढा आणि ज्यूद्वेषाविरुद्धचा लढा हातात हात घालून चालतात. तो मोर्चातही होता आणि इस्रायली विद्यार्थ्यांशी बसून बोलतही होता, तंबू ठोकले जायच्या आधीच आंदोलनाच्या नेतृत्वातून बाजूलाही झाला होता. १४ एप्रिल २०२५ला व्हरमाँटमध्ये नागरिकत्वाच्या मुलाखतीला बोलावून तिथंच त्याला ताब्यात घेतलं. दोन आठवड्यांनी न्यायाधीशांनी सोडलं, मे महिन्यात त्याने पदवी घेतली. आंदोलन आणि संवाद दोन्ही एकाच माणसात असलेलं उदाहरण शोधत असाल तर ते हे होतं, आणि सरकारने नेमका तोच उचलला.

आता ज्या घरातून मुलं तिकडे गेलीत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने व्याख्यानाला जाणं, प्रश्न विचारणं, चर्चेच्या वर्गात नाव घालणं यात गैर काही नाही, आणि घाबरून त्याला हे सगळं बंद करायला सांगू नका, शिक्षणच आहे ते. पण निलंबन झालं तर नोंदणी जाते आणि नोंदणी गेली की व्हिसाचा दर्जा जातो, अमेरिकन वर्गमित्राला जी शिक्षा एका सेमिस्टरची असते ती याच्यासाठी देश सोडण्याची होऊ शकते. २०२५च्या वसंतात तर अगदी किरकोळ कारणांवरून हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी बंद केल्या गेल्या, कोर्टात दावे पडल्यावर एप्रिलच्या अखेरीस त्या परत सुरू कराव्या लागल्या. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी २०२४च्या उन्हाळ्यानंतर तंबू, रात्रीचा मुक्काम, तोंड झाकणं, भोंगे यांबद्दल नवे नियम केलेत, कॅलिफोर्नियातल्या यूसी (यूसीएलए जिचा भाग आहे ती) आणि कॅल स्टेट या सरकारी युनिव्हर्सिट्यांच्या कॅम्पसवर तंबूंना बंदी आहे. हे नियम विद्यार्थी हँडबुकमध्ये असतात आणि बदलत राहतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या सीनियरने काय सांगितलं त्यावर जाऊ नका, यंदाचं पान उघडून वाचा, आणि शंका असली तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात आधी विचारा, कार्यक्रम झाल्यावर नाही.